उजवीकडून

बाईंनी कागद काउंटरवर ठेवला.
नाव नाही, जन्म नाही, मृत्यू नाही.
७३९३९१३३.
मला वाटलं, फोन नंबर दिला.
आमच्याकडे अक्षरामागे साडेचार पौंड, अंकालाही तेवढेच,
एक म्हणजे नुसती उभी रेघ, तरी तिलाही साडेचार.
छत्तीस झाले.
म्हटलं, ग्रॅनाइट घ्या. व्हिटबीचा वारा खारा,
वाळूच्या दगडाचं तोंड पन्नास वर्षांत पुसून टाकतो.
मिस गार्बट म्हणाल्या, "म्हणूनच वाळूचा."

आकडा मी मनात आपल्या पद्धतीनं वाचला:
सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस,
आणि हसू फुटलं.
इंग्रजीत जे कुणाला ऐकू येत नाही
ते इथं शेजारी शेजारी बसलं होतं,
एकोणचाळीस, एकोणचाळीस,
चाळिशीला एकेक कमी पडलेले दोघे.
"परत म्हणा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं.
अर्थ कळला नाही त्यांना, आवाज दोनदा आला तेवढं कळलं.
"विल्फ्रेडला हे माहीत नव्हतं."
आणि हातमोजे काढून बसल्या.

विल्फ्रेड, भाऊ. बोल्बीच्या खाणीत पगाराचा कारकून.
लोकांचे ओव्हरटाइम जुळवून घरी आला
की ही एकच संख्या घेऊन बसायचा:
साताने भाग, अकराने, तेराने, सतराने,
असं साडेआठ हजारांच्या पुढपर्यंत,
हजारावर भाजक, दोन हिवाळे, पेन्सिली किती ते विचारू नका.
भाग गेला नाही.
पण हे पुस्तकात छापलेलं असेलच की, मी म्हणालो.
"होतं. त्याला दारं स्वतः ठोठावायची होती."

मग शेवटच्या तीनावर त्यांनी बोट ठेवलं.
उरले सात अंक. तीही मूळ संख्या.
दुसरं बोट. तीही.
बोटं सरकत गेली,
त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस,
सात हजार तीनशे त्र्याण्णव, सातशे एकोणचाळीस,
त्र्याहत्तर,
तळहाताखाली आता सगळं, बाहेर फक्त सात.
कुठेही थांबा, भाग जात नाही.
"कबर कड्यावर आहे," त्या म्हणाल्या,
"समुद्र उजव्या हाताला."

मी उजवीकडे थोडी जागा सोडू का, विचारलं,
म्हणजे, पुढेमागे, तुमच्यासाठी.
"त्याच्यापुढे काही चालत नाही.
एक लावा, तीनाने तुटते. सात लावा, तीनाने तुटते.
तीन किंवा नऊ लावलात तर भाजक खोल दडून बसतात,
पण असतात. बाकीचे अंक तर काय, उघडेच.
वाढायची तेवढी वाढली आहे ती."

नगरपालिकेचं पत्र आलं: दगडावर नाव हवंच.
नाव मागे कोरलं, वाऱ्याच्या आडोशाला, लहान.
त्याचे पैसे त्यांनी मोजून दिले, मी नको म्हणत असताना.

माझा बाप जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरायचा.
झिजायलाच कोरायचं, गुळगुळीत झालं की पुन्हा बोलावणं.
इथं एकदा कोरलं की कुणी बोलावत नाही,
आणि चुकीला जागा नाही:
नावात एखादं अक्षर वाकडं गेलं तर माणूस तोच राहतो,
इथं एक नऊ आठ झाला
तर पेन्सिलीचे दोन हिवाळे वाया.
चार तीन होते. तीनाचं पोट कठीण,
वाळू तिथंच सुटते.
चारही दुपारच्या उजेडात केले, रेडिओ बंद ठेवून.

शेवटचा तीन नेहमीइतकाच खोल.
डावीकडे जाताना हात आपोआप जड होत गेला,
की मीच केला, आता सांगता येत नाही.
सात अर्धा मिलीमीटर जास्त उतरला.
ते बिलात लिहिलं नाही.